एका नगाची तपासणी

घरच्या जुन्या सायकलला मोटर बसवणे कोल्हापुरात फारसे अवघड उरलेले नाही. हब मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी लिव्हरची जोडी असा सगळा संच खोक्यात भरून घरपोच येतो. रिममध्ये नव्या तारा ओवून चाक सरळ करून देणारे सायकलवाले पेठापेठांत आहेत. चिमट्याला जाड पट्टी हवी असेल, एखादा बुश लेथवर काढून घ्यायचा असेल, कॅरियरखाली बॅटरीचा पिंजरा वेल्ड करायचा असेल, तर उद्यमनगर गाठले की काम होते. एका नगासाठीही लेथ सुरू करणारे मिस्त्री तिथे अजून भेटतात. अडचण सुरू होते ती सायकल तयार झाल्यावर. ही वस्तू सायकल आहे की मोटरवाहन, ती रस्त्यावर आणायची परवानगी कुणाकडे मागायची, चौकात पोलिसाने अडवले तर दाखवायचे काय, या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी खिडकी कुठल्याही कार्यालयात नाही. ती असायला हवी आणि कोल्हापुरासारख्या गावात आधी उघडायला हवी, असे माझे म्हणणे आहे. यात सवलत मागितलेली नाही. ज्याने वाहन स्वतः बनवले त्याला ते तपासून घेण्याचा हक्क असावा, आणि तपासणीत नापास झाले तर गुपचूप घरी न्यावे लागावे, एवढेच.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचे कलम २(२८) मोटरवाहनाची व्याख्या करते आणि काही वाहने तिच्यातून वगळते. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन हे त्या वगळलेल्यांपैकी एक. म्हणजे गवत कापायच्या यंत्राचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन सायकलच्या दांडीला आवळले आणि त्याचा रोलर मागच्या टायरवर टेकवला, तर या व्याख्येपुरते ते मोटरवाहन होत नाही. विजेच्या मोटरला सीसी नसतात, म्हणून तिच्यासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत वेगळी सोय करावी लागली. सलग तीस मिनिटे देता येणारी ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन जास्तीत जास्त ६० किलो, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक अशा अटी पाळल्या तर बॅटरीवरचे दुचाकी वाहनही मोटरवाहन मानले जात नाही. अटी शहाणपणाच्या आहेत. पण त्यांच्या शेपटाला आणखी एक अट आहे: हे सगळे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले हवे. आता हिशेब करून पाहा. गवत कापायचे २५ सीसीचे इंजिन एक अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते, म्हणजे २५० वॅटच्या मोटरच्या तिप्पट. ते धूर सोडते, तेल थुंकते, गल्ली जागी करते, आणि व्याख्येतून विनाप्रमाणपत्र बाहेर पडते. मुकाट फिरणाऱ्या मोटरला मात्र आधी प्रमाणपत्र आणावे लागते. हे कुणी मुद्दाम केले असेल असे वाटत नाही. दोन तरतुदी दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या गेल्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचायची गरज कुणाला भासली नाही.

या चाचणी संस्थांमध्ये आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे पुण्याची एआरएआय. संस्था मोठी आणि कामात चोख, पण तिची सारी पद्धत कारखानदारासाठी बेतलेली आहे. कंपनी एक नमुना आणून देते, संस्था तो तपासते, आणि त्या नमुन्याबरहुकूम हजारो गाड्या निघतात; चाचणीचा खर्च त्या हजारांवर वाटला जातो. ज्याला आयुष्यात एकच सायकल बनवायची आहे त्याचा नमुना आणि त्याचे उत्पादन एकच असते. त्याने तो खर्च कशावर वाटायचा? कायद्याने त्याला मनाई केलेली नाही, पण वाटही ठेवलेली नाही. परिणामी बनवणाऱ्यांतला सरळमार्गी माणूस नाद सोडतो आणि बेफिकीर माणूस कुणाला न विचारता सायकल रस्त्यावर काढतो. सुरक्षेच्या नावाने उभी असलेली व्यवस्था काळजीवाल्याला घरी बसवते आणि बेफिकिराला मोकळे सोडते. करांचीही तीच तऱ्हा. तयार ई-सायकल घेतली तर जीएसटी ५ टक्के. तीच मोटर आणि तीच लिथियम बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. विकत घेणाऱ्याच्या पाठीवर थाप आणि बनवणाऱ्याला भुर्दंड, असे धोरण कुठल्या कागदावर लिहिलेले नसेल, पण हिशेब तसाच लागतो.

यावर पहिला सूर असा निघेल की चार हौशी पोरांसाठी सरकारने खिडक्या का उघडायच्या? ज्याला ई-सायकल हवी त्याने दुकानात जावे. हा सूर कोल्हापुरात लावणाऱ्याला या भागाच्या उद्योगाचा इतिहास ठाऊक नसावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात जे दुकान काढले ते सायकलींचे. त्यातून लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, म्हणून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पाणी उपसणारी आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवणारी ऑइल इंजिने या गावात दुरुस्तीला येत होती. दुरुस्त करता करता मिस्त्री ती ओतायला आणि घडवायला शिकले, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या देशभरच्या वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग ओततात. बाहेर पाहायचे तर १९४६ मध्ये सोइचिरो होंडांनी लष्कराच्या रेडिओ जनित्रांची उरलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. त्या धंद्यातून पुढे काय झाले ते प्रत्येक चौकात उभे असलेले दिसते. आपली लूनासुद्धा, जी १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने आणली, पायडल असलेली ५० सीसीची गाडी होती. मोटर लावलेल्या सायकलीची थोरली बहीणच म्हणायची. या साऱ्यांतून ‘जुगाडाचा जयजयकार’ करायचा माझा इरादा नाही. जुगाड या गोष्टीचे आपल्याकडे नको तितके कौतुक होते, आणि त्यातले निम्मे कौतुक चांगले काम करायचा कंटाळा झाकण्यासाठी असते. माझा मुद्दा वेगळा आहे. या प्रत्येकाच्या आयुष्यात एक टप्पा असा होता, जेव्हा त्याच्याकडे एकच नग होता आणि तो कुठल्याही मानकात बसत नव्हता. तो नग लोकांत नेऊन चालवून पाहणे त्याला शक्य होते. आज त्या टप्प्यावरच्या माणसाला आपण काय सांगतो?

काय सांगतो ते सांगलीच्या देवराष्ट्रे गावात दिसले. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून बनवलेल्या छोट्या जीपची चित्रफीत देशभर फिरली. साठ हजारांच्या आसपास खर्च, आणि सुरू करायला चक्क दुचाकीसारखी किक. उद्योगपती आनंद महिंद्रांनी जाहीरपणे लिहिले की ही गाडी नियमांत बसत नाही, स्थानिक अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, म्हणून मी या बदल्यात बोलेरो देतो आणि ही गाडी आमच्या संशोधन केंद्रात ठेवतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारी आली. महिंद्रांनी उदारपणा दाखवला आणि खरेही तेच सांगितले, त्यांना दोष द्यायचे कारण नाही. पण सगळ्या प्रकारात सरकार कुठे होते? गाडी थांबवणार या भाकितापुरते. लोहारांच्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, वळणावर ती कशी वागते, तिच्या स्टिअरिंगला किती खेळ आहे, हे कुणी अधिकाराने तपासून लेखी सांगितले असे कधी ऐकले नाही. ती नापास झालीही असती. कदाचित व्हायलाच हवी होती. पण नापास व्हायलासुद्धा परीक्षा असावी लागते. इथे परीक्षाच नसल्यामुळे एका श्रीमंताच्या मनात आले म्हणून बनवलेली गाडी प्रदर्शनात गेली आणि बनवणाऱ्याच्या हाती विकतची आली. सगळे खूष झाले, आणि पुढच्या माणसासाठी काहीही बदलले नाही.

विमानाच्या बाबतीत मात्र एकट्या माणसाला शेवटी नोंदणी मिळाली आहे, हे सायकलवाल्यांनी लक्षात ठेवावे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी केली. ती मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि अखेर मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडावे लागले, ही त्यातली खंत. तरीही कोसळले तर खालच्या माणसांच्या जिवावर बेतेल अशा यंत्राचीही, ते एकट्याने बनवलेले असले तरी, नोंद होऊ शकते हे सिद्ध झाले. अमेरिकेत अशा हौशी बांधणीच्या विमानांसाठी कित्येक दशकांपासून स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्याची मुख्य अट अशी की निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः केलेले हवे. ब्रिटनमध्ये २००३ पासून घरी बांधलेल्या मोटरसायकलींना एकेका वाहनाची तपासणी लागू आहे: वाहन केंद्रावर न्यायचे, निरीक्षक ते डोळ्यांखालून घालतो, उत्तीर्ण झाले तर प्रमाणपत्र आणि नोंदणी, नाहीतर दोषांची यादी हातात.

आता गंभीर आक्षेपाकडे वळू. कॅमेरा बिघडला तर फिल्म वाया जाते. सायकलचा ब्रेक बिघडला तर शाळेतून येणारे पोर चाकाखाली येते. घरगुती कामावर भरवसा कसा ठेवायचा? हा आक्षेप खरा आहे, आणि किती खरा आहे हे सायकलच्या एकाच जागेकडे जवळून पाहिले तरी कळते. मागच्या चाकाचा आस चिमट्याच्या ज्या खाचेत बसतो ती जागा घ्या. साध्या सायकलीत त्या खाचेवर फक्त वजनाचा आणि साखळीच्या ओढीचा भार असतो. आस स्थिर, चाक त्याभोवती फिरते, आणि नट आवळले की काम झाले. हब मोटर बसवली की चित्र पालटते. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते तितक्याच जोराने आसाला उलटे फिरवू पाहते. म्हणून मोटरचा आस गोल नसतो. दोन बाजूंनी सपाट घासलेला, साधारण दहा मिलिमीटर रुंद असतो, आणि त्या सपाट कडा खाचेच्या भिंतींना टेकून त्याला रोखतात. चढावर अशी मोटर ३० ते ४० न्यूटन-मीटर पीळ देते. दहा मिलिमीटरच्या कडांवर तो पीळ पेलायचा म्हणजे चारशे किलोच्या घरातला जोर. दोन्ही बाजूंच्या खाचांत वाटला तरी पातळ पत्र्याची खाच त्याने हळूहळू फाकते. एके दिवशी आस गरकन फिरतो, मोटरच्या वायरा त्याच्याभोवती गुंडाळून तुटतात, चाक तिरके होते. उपाय काय, तर सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला आसाच्या मापाचे सपाट भोक पाडायचे, पट्टी आसात घालायची आणि दुसरे टोक चिमट्याला बोल्टने बांधायचे. उद्यमनगरात हे अर्ध्या तासाचे काम. ज्याला हे माहीत आहे त्याची सायकल वर्षानुवर्षे चालते, ज्याला माहीत नाही त्याची एका उतारावर दगा देते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सायकली सारख्याच दिसतात. हा घरी बनवण्याविरुद्धचा पुरावा मानला जातो. मला तो तपासणीच्या बाजूचा पुरावा वाटतो, कारण पट्टी आहे की नाही हे निरीक्षकाला अर्ध्या मिनिटात दिसते.

ब्रेकचेही तसेच. चालवणारा धरून शंभर किलो वजन ताशी २५ किलोमीटरने जात असेल तर ब्रेकला सुमारे २,४०० ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. वेग ४५ झाला की तीच सव्वातीन पट, म्हणजे ७,८०० च्या आसपास. दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल, तिच्या झिजलेल्या गट्ट्या आणि पावसात ओली झालेली रिम पहिल्या आकड्याला कशीबशी पुरतील, दुसऱ्याला मुळीच नाही. म्हणून २५ किलोमीटरची मर्यादा वाढवून मागणाऱ्यांच्या मी विरुद्ध आहे. अमेरिकेचा दाखला देऊन ७५० वॅटची मोटर मागणारे पुष्कळ भेटतात. तिथे २००२ च्या कायद्याने ७५० वॅट आणि ताशी २० मैल अशी मर्यादा घातली हे खरे, पण युरोप २५० वॅट आणि २५ किलोमीटरवर थांबला तो विचार करूनच. ‘आमच्याकडे चढ आहेत’ हेही कारण पुढे केले जाते. तर पन्हाळ्याचाच हिशेब मांडू. गड सभोवतालच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच. शंभर किलो वजन तेवढे वर चढवायला, घर्षण बाजूला ठेवले तर, ११० वॅट-तास लागतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. शंभराला सहाचा चढ असेल तर २५० वॅटची मोटर आणि पायांचे शंभरेक वॅट मिळून ताशी सोळा-सतरा किलोमीटर सहज मिळतात. वाघबीळच्या वळणांवर नुसत्या पायडलवर चाललेल्याला दमछाक काय ते विचारा. त्याला हा वेग स्वर्ग वाटेल. त्याहून जास्त वेग हवा असेल तर मोटरसायकल घ्यावी, लायसन्स काढावे, हेल्मेट घालावे. ती वाट उघडी आहेच.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, घरच्या टेबलावर निकेलची पट्टी डागून, टेपने गुंडाळून पॅक बनवणे हे कौशल्य असले तरी ते शेजाऱ्याच्या जिवावरचे कौशल्य आहे. एक सेल कमजोर असला की चार्जिंगच्या वेळी तो तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि मग पाण्याने सहज न विझणारी आग लागते. तीही बहुधा रात्री, जिन्याखाली, जिथून घरातल्यांना बाहेर पडायचे असते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी १८ बळी घेतले आणि त्याच वर्षी शहराने अप्रमाणित ई-सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी केली. फ्रेम, मोटरची बैठक, वायरिंग, ब्रेक हे सारे घरचे चालेल. बॅटरी आणि चार्जर मात्र प्रमाणित, सीलबंद आणि बिलासह विकत घेतलेलेच हवेत, तिथे हौसेला जागा नको. स्वतःच्या हाताने सर्व काही करणाऱ्यांना हे टोचेल. टोचू दे.

पण एवढे मान्य केल्यावर ‘मग सगळेच कंपनीचे घ्या’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात ठिकठिकाणी पेटलेल्या ई-स्कूटर कारखान्यातूनच बाहेर पडल्या होत्या. त्यानंतर केंद्राला एआयएस-१५६ हे बॅटरीचे मानक कडक करावे लागले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बेकायदा ई-बाइकविरुद्ध मोहीम उघडली, कारण २५० वॅटची मान्यता दाखवून प्रत्यक्षात जास्त ताकदीची आणि वेगाची वाहने विकली जात होती. नमुन्याला दिलेली मान्यता तुमच्या दारातल्या गाडीची हमी देत नाही, हे त्यातून दिसले. एका नगाच्या तपासणीत अशी फट राहत नाही. जी सायकल रस्त्यावर येणार तीच निरीक्षकापुढे उभी असते.

यावर चतुर माणूस विचारेल की तपासणीच्या दिवशी २५ चा वेग दाखवला आणि घरी येऊन कंट्रोलरची एक वायर तोडली की झाले, त्याचे काय? कोल्हापूरला हा प्रश्न शिकवायला नको. सायलेन्सरची पुंगळी काढून रात्री रंकाळ्याला चक्कर मारणारे इथे कमी नाहीत, आणि तीही गाडी शोरूममधून निघताना नियमातच असते. चोरवाट काढणारा ती काढणारच. फरक एवढाच की तपासलेल्या सायकलीच्या फ्रेमवर क्रमांक असेल, तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे हे दफ्तरी असेल आणि मोटरची क्षमता नोंदलेली असेल. पुढे वायर तुटलेली सापडली तर जबाबदार कोण हे शोधावे लागणार नाही. आज सापडते ते निनावी वाहन, आणि त्यावर नेमके कुठले कलम लावायचे याबद्दल पोलिसाच्याच मनात गोंधळ. मोटरवाहनात मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. पण जी वस्तू आधी मोटरवाहनच नव्हती तिच्यात बदल केला म्हणायचे की नवे वाहन बनवले म्हणायचे? वकिलांना हा प्रश्न आवडेल, बाकी कुणाला नाही.

हे काम आरटीओच्या माथी मारू नये, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यांच्याकडे आधीच रांगा आहेत आणि हब मोटरच्या आसाची पट्टी तपासणे हा त्यांचा विषयही नाही. शासकीय तंत्रनिकेतनात, आयटीआयमध्ये, गोकुळ शिरगावच्या केआयटीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वॉटमीटर आहेत, ब्रेक तपासायला मोकळी जागा आहे आणि शिकवणारी माणसे आहेत. एकट्याने किंवा गटाने बांधलेले वाहन तपासण्याची पद्धत देशात नवी नाही. बाहा एसएई इंडिया या स्पर्धेत २००७ पासून विद्यार्थ्यांची गाडी धावण्याआधी तिचे वेल्डिंग, सांगाडा, स्टिअरिंग यांची बारकाईने छाननी होते, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके जाम झाली नाहीत तर ती गाडी शर्यतीला उतरत नाही. कोल्हापूर-सांगलीची पोरे दरवर्षी या छाननीतून जातात. अशा कडक डोळ्यांची तपासणी बंदिस्त मैदानासाठी चालते, मग गंगावेशीतून रंकाळ्यापर्यंत ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला का नको? सायकलीला लागेल ते त्याहून कितीतरी थोडे: आसाची पट्टी, दोन स्वतंत्र ब्रेक आणि ते दाबताच मोटर बंद होणे, फ्यूज, बॅटरीचे प्रमाणपत्र, २५ वर तुटणारी ताकद, परावर्तक आणि दिवा. तासाभराचे काम, माफक शुल्क. नापास झाल्यास कारणे लेखी मिळाली पाहिजेत. शिकणाऱ्यासाठी ती यादी प्रमाणपत्रापेक्षा मोलाची.

राहिला विम्याचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. मोटरवाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. मोटरवाहन न मानल्या गेलेल्या सायकलीला नाही. उद्या अशा सायकलीने म्हाताऱ्या माणसाला धडक दिली तर भरपाई कुणी द्यायची? पण हा प्रश्न दुकानातल्या २५० वॅटच्या ई-सायकललाही तसाच लागू आहे, आणि तिथे तो विचारून कुणी विक्री थांबवलेली नाही. उलट नोंदलेल्या घरगुती सायकलीला क्रमांक असेल, मालक असेल, तपासणीचा कागद असेल. या तीन गोष्टी असल्या की छोट्या रकमेची सक्तीची पॉलिसी त्या नोंदणीलाच जोडता येईल. शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारा टर्नर आपली सायकल स्वतः बनवून त्यावरून जाणार असेल तर वर्षाला तेवढे पैसे भरायला तो कुरकुर करणार नाही; पेट्रोलचा खर्च त्याने आधीच वाचवलेला असतो. यासाठी संसदेत नवा कायदा आणायचीही गरज नाही. नियम १२६ च्या यादीत आणखी चाचणी संस्था घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. त्या यादीत एका नगापुरती, फक्त पाव किलोवॅटच्या आतल्या वाहनांसाठी, जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनाला जागा द्यायची आणि महिन्यातून एक शनिवार ठरवायचा.